पालि संशोधन आणि सामायिक महासंगणक

पहिल्या संगीतीनंतर धम्म आणि विनय यांच्या जतनाचे कार्य संघाने आपसात कसे वाटून घेतले, याची हकीकत आचार्य बुद्धघोषांनी दीघनिकायाच्या अट्ठकथेत दिली आहे. दीघनिकाय आनंद स्थविरांकडे, मज्झिमनिकाय सारिपुत्तांच्या शिष्यांकडे, संयुत्तनिकाय महाकस्सपांकडे आणि अंगुत्तरनिकाय अनुरुद्धांकडे सोपविण्यात आला, असे तेथे म्हटले आहे. दीघभाणक, मज्झिमभाणक इत्यादी परंपरांचा संबंध या वाटणीशी जोडला जातो. ही हकीकत इतिहास म्हणून जशीच्या तशी स्वीकारावी की नाही, हा स्वतंत्र प्रश्न आहे. परंतु तिच्यामागील विचार अगदी स्पष्ट आहे. एका व्यक्तीच्या स्मृतीला न पेलणारे कार्य अनेकांनी वाटून घ्यावे, प्रत्येकाने आपला भाग चोख सांभाळावा आणि प्रसंगी सर्वांनी एकत्र बसून तो जुळवून पाहावा, हा तो विचार होय.

आज ज्याला महासंगणक म्हणतात त्याची कार्यपद्धती याहून फारशी निराळी नाही. असे असूनही आपल्याकडे पालि, बौद्ध अध्ययन, इतिहास किंवा मराठी या विषयांच्या संशोधकाला महासंगणक ही आपल्या उपयोगाची वस्तू वाटत नाही. हवामान, खगोलशास्त्र, औषधनिर्मिती यांच्यासाठीच ती आहे, असा समज दृढ झाला आहे. हा समज का सोडावा, या सुविधेचा पालि संशोधनात नेमका कोठे उपयोग होतो, कोठे होत नाही आणि ती वापरताना कोणती दक्षता घ्यावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

महासंगणक म्हणजे काय?

महासंगणक म्हणजे एखादा अवाढव्य बुद्धीचा एकच संगणक, अशी कल्पना आपण करतो. वास्तविक तो शेकडो, कधी हजारो संगणकांचा समूह असतो. वेगवान जाळ्याने ते एकमेकांस जोडलेले असतात. समूहातील प्रत्येक संगणकाला नोड म्हणतात आणि प्रत्येक नोडमध्ये स्वतंत्रपणे हिशेब करणारे अनेक कोअर असतात. त्यांतील एक कोअर आपल्या घरच्या संगणकातील कोअरपेक्षा फार वेगवान असतोच असे नाही. महासंगणकाचे सामर्थ्य काम वाटून देण्यात आहे. म्हणूनच जे काम वाटता येत नाही, ते महासंगणकावर नेल्याने लवकर होत नाही.

ही यंत्रे अतिशय महाग असतात आणि त्यांना वीज व शीतकरणही मोठ्या प्रमाणावर लागते. त्यामुळे ती एका विभागाच्या मालकीची नसून सामायिक असतात. संशोधक आपल्या ठिकाणाहून जाळ्यामार्फत प्रवेशाच्या नोडवर जातो. तेथे तो आपली आज्ञावली ठेवतो आणि किती कोअर, किती स्मृती व किती तास लागतील हे लिहून काम रांगेत लावतो. रांगेचे नियोजन करणारी एक आज्ञावली असते. स्लर्म ही त्यांपैकी पुष्कळ ठिकाणी वापरली जाणारी होय. पाळी आली की काम आपोआप सुरू होते आणि उत्तर फाइलमध्ये लिहून ठेवले जाते. संशोधकाने तेथे बसून राहण्याची आवश्यकता नसते.

आपल्या देशात या क्षेत्राचा आरंभ मुख्यतः पुण्यात झाला. परदेशातून महासंगणक मिळविण्यात अडथळे येऊ लागले तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅक ही संस्था पुणे येथे स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार केला. २०१५ मध्ये केंद्र सरकारने ४,५०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महासंगणन अभियानास मान्यता दिली. त्या अभियानातून वाराणसी येथे ‘परम शिवाय’, पुण्याच्या आयसर संस्थेत ‘परम ब्रह्म’, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ‘परम प्रवेग’ अशी यंत्रे उभी राहिली. सप्टेंबर २०२४ मध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता येथील तीन ‘परम रुद्र’ महासंगणकांचे लोकार्पण झाले. हा सर्व खर्च सार्वजनिक पैशातून झालेला आहे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचा विचार पुढे करावयाचा आहे.

मानव्यविद्येतील एक जुने उदाहरण

ग्रंथांच्या अभ्यासासाठी यंत्राचे साहाय्य घेणे ही आजची कल्पना नव्हे. इटलीतील रोबेर्तो बुसा या जेझुइट पाद्रींना संत थॉमस अक्वायनस यांच्या समग्र ग्रंथांची शब्दसूची करावयाची होती. १९४९ मध्ये ते अमेरिकेत जाऊन आयबीएम कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले आणि कंपनीच्या यंत्रांचे साहाय्य त्यांनी मिळविले. सुमारे १ कोटी १० लक्ष शब्दांची ही सूची पुढे ५६ खंडांत छापली गेली. त्या कामाला सुमारे ३० वर्षे लागली.

या उदाहरणातून दोन बोध घेण्यासारखे आहेत. पहिला असा की, धर्मग्रंथाच्या अभ्यासकाने यंत्रवाल्यांच्या दारी जाऊन आपली गरज स्वतः सांगितली, म्हणून ते यंत्र त्याला मिळाले. दुसरा बोध आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. त्या प्रकल्पातील लक्षावधी कार्डे छिद्रित करण्याचे काम प्रामुख्याने तरुण स्त्रियांनी केले आणि दीर्घकाळ त्यांची नावे कोणी घेतली नाहीत. ग्रंथावर नाव एकाचे आणि श्रम अनेकांचे, हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. आपण असे प्रकल्प हाती घेऊ तेव्हा मजकूर टंकित करणाऱ्या व तपासणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचे नाव नोंदविले पाहिजे.

महाराष्ट्रात यंत्राविना झालेले मोठे तुलनाकार्य म्हणजे भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सित आवृत्ती. १९१९ मध्ये आरंभिलेले हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. निरनिराळ्या लिप्यांतील हस्तलिखिते समोर ठेवून एकेका श्लोकाचे पाठभेद कागदावर उतरवून घेणाऱ्या पंडितांच्या दोन पिढ्या त्यासाठी खपल्या. पालि तिपिटकासाठी भारतात त्या प्रमाणावर मनुष्यबळ कधीच उभे राहिले नाही. नालंदा येथून भिक्षू जगदीश काश्यप यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली निघालेली ४१ खंडांची देवनागरी आवृत्ती ही मोठीच कामगिरी होय. परंतु तिच्यानंतर तुलनेचे पुष्कळ काम शिल्लक राहिले, आणि सामायिक महासंगणक उपयोगी पडतो तो याच कामात.

उपयोग कोठे होतो?

प्रथम उपयोग कोठे होत नाही ते सांगतो. समग्र तिपिटकाचा मजकूर आज साध्या पेन ड्राइव्हवर सहज मावतो. रंगून येथे १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या छट्ठ संगायनाचा पाठ इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने १९९० नंतरच्या दशकात सीडीवर उपलब्ध करून दिला. त्यानंतर पालि अभ्यासकाची शब्द शोधण्याची चिंता पुष्कळशी मिटली. ‘पटिच्चसमुप्पाद’ हा शब्द कोठे कोठे आला आहे, एवढाच प्रश्न असेल तर घरच्या संगणकावर काही क्षणांत उत्तर मिळते. त्यासाठी महासंगणकाच्या रांगेत उभे राहणे म्हणजे एक घागर पाण्यासाठी धरणाचा दरवाजा उघडायला सांगण्यासारखे आहे.

परंतु प्रश्न तुलनेचा झाला की हिशेब पालटतो. समजा, निकायांतील मजकुराचे आपण १०,००० उतारे पाडले आणि प्रत्येक उतारा दुसऱ्या प्रत्येक उताऱ्याशी ताडून पाहावयाचा ठरविले. अशा जोड्या ४,९९,९५,००० होतात, म्हणजे जवळजवळ ५ कोटी. विभक्तिप्रत्यय, संधी आणि लेखनातील फरक लक्षात घेऊन एक जोडी ताडण्यास सेकंदाचा दहावा भाग लागतो असे धरले, तर एका कोअरला अखंड चालूनही सुमारे ५८ दिवस लागतील. हेच काम ४०० कोअरना वाटून दिले तर ते साडेतीन तासांत होते. प्रत्येक जोडीची तुलना दुसऱ्या जोडीवर अवलंबून नसल्यामुळे हे काम वाटण्यास अत्यंत सोयीचे असते. या ठिकाणी हेही नमूद केले पाहिजे की, चतुर अनुक्रमणिका करून पुष्कळ जोड्या आधीच गाळता येतात आणि काम साध्या यंत्रावरही होऊ शकते. म्हणून महासंगणकाकडे जाण्यापूर्वी संगणकशास्त्राच्या एखाद्या जाणकार सहकाऱ्याचा सल्ला अवश्य घ्यावा.

तुलनेचे क्षेत्र पालिपुरतेच मर्यादित नाही. मज्झिमनिकायात १५२ सुत्ते आहेत, तर त्याला समांतर असलेल्या चिनी मध्यम-आगमात २२२ सूत्रे आहेत. पालि धम्मपदाच्या ४२३ गाथांशी गांधारी धम्मपद, महापंडित राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटमध्ये घेतलेल्या छायाचित्रांवरून ज्ञात झालेले पाटणा धम्मपद आणि संस्कृत उदानवर्ग ताडून पाहावे लागतात. हॅम्बुर्ग विद्यापीठाशी संबंधित ‘बुद्धनेक्सस’ प्रकल्पाने पालि, संस्कृत, तिबेटी आणि चिनी ग्रंथांतील समान उताऱ्यांचा संग्रह यंत्राच्या साहाय्याने सिद्ध केला आहे. भिन्न भाषांतील उतारे अर्थावरून जुळवावयाचे असतील तर त्यासाठी भाषेचे यांत्रिक प्रतिमान मोठ्या मजकुरावर घडवावे लागते आणि जीपीयू नावाचे विशेष प्रोसेसर लागतात. तेथे सामायिक सुविधेवाचून एकट्या संशोधकाचा निभाव लागत नाही.

आणखी एक उपयोग आपल्या जिव्हाळ्याचा आहे. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’, ‘प्रबुद्ध भारत’ या पत्रांचे अंक, तसेच जुन्या बौद्ध नियतकालिकांची पाने छायांकित करून त्यांतील अक्षरे यंत्राकडून ओळखून घेता येतात. जीर्ण कागद आणि जुने खिळे यांमुळे यंत्र पुष्कळ चुका करते. पानाची प्रतिमा निरनिराळ्या रीतींनी स्वच्छ करून पुन्हा पुन्हा वाचून घ्यावी लागते. प्रत्येक पान स्वतंत्र असल्याने हजारो पाने एकाच वेळी अनेक कोअरना वाटता येतात. आंबेडकरी चळवळीच्या इतिहासाची ही साधने शोधता येण्याजोगी झाली, तर उद्याच्या अभ्यासकाची कितीतरी वर्षे वाचतील.

यंत्र कोठे फसते?

यंत्राला मजकूर दिसतो; परंपरा दिसत नाही. पालि अभ्यासकाचे खरे काम येथे सुरू होते.

पहिली अडचण पेय्यालाची आहे. तिपिटकात पुनरावृत्ती अपार आहे. मुखोद्गत करावयाच्या साहित्याची ती गरजच होती. लेखी प्रतींत मात्र पुनरावृत्त भाग गाळून तेथे ‘पे’ एवढीच खूण ठेवतात. संयुत्तनिकायात आणि अंगुत्तरनिकायात असे भाग फार आहेत. मग्गसंयुत्तातील गंगापेय्याल प्रसिद्धच आहे. आता यंत्राकडून शब्दांची वारंवारता मोजून घेतली तर ते छापलेले शब्द मोजते. भाणक जे म्हणत होते ते मोजत नाही. एका आवृत्तीने पेय्याल विस्ताराने छापले आणि दुसरीने आटोपशीर छापले, तर एकाच निकायाचे दोन निराळे आकडे येतात. ‘अमुक शब्द संयुत्तनिकायात कमी आढळतो, म्हणून तो उत्तरकालीन’ असा निष्कर्ष अशा आकड्यावरून काढणे म्हणजे मुद्रकाच्या काटकसरीला इतिहास समजणे होय.

दुसरी अडचण लेखनाची. मनुष्याला ‘सङ्घ’ आणि ‘संघ’ हा एकच शब्द आहे. यंत्राला ते दोन शब्द आहेत. ‘धम्मो’, ‘धम्मं’, ‘धम्मेन’, ‘धम्मस्स’, ‘धम्मेसु’ ही एकाच शब्दाची रूपे आहेत, हे त्याला शिकवावे लागते. छट्ठ संगायनाच्या पाठात सिंहली, स्यामी, कंबोजी इत्यादी प्रतींचे पाठभेद ‘सी॰’, ‘स्या॰’, ‘कं॰’ अशा खुणांनी दिलेले असतात. ते वेगळे काढले नाहीत तर यंत्र त्यांनाही बुद्धवचनाचे शब्द समजून मोजते. माझ्या पहिल्याच प्रयोगात ‘सी’ हा अक्षरसमूह मज्झिमनिकायातील अतिपरिचित शब्दांच्या यादीत येऊन बसला होता. चूक यंत्राची नव्हती. मजकूर स्वच्छ न करता रांगेत लावणाऱ्या माझी होती.

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. दीघनिकायातील महासतिपट्ठानसुत्त आणि मज्झिमनिकायातील सतिपट्ठानसुत्त यांचा बराच भाग समान आहे. दीघनिकायातील सुत्तात चार आर्यसत्यांचे विवरण मात्र अधिक विस्ताराने येते. छट्ठ संगायनाच्या आवृत्तीत हा विस्तार मज्झिमनिकायातील सुत्तातही आहे. ज्याने केवळ याच आवृत्तीचा मजकूर यंत्राला दिला त्याला ही दोन्ही सुत्ते जवळपास सारखीच आहेत असे उत्तर मिळेल. ज्याने पालि टेक्स्ट सोसायटीची आवृत्तीही दिली त्याला त्यांतील फरक दिसेल. म्हणून कोणत्या आवृत्तीवर काम केले, हे सांगितल्याशिवाय यंत्राच्या कोणत्याही आकड्याला अर्थ नाही.

सांघिक वस्तू वापरण्याचे नियम

सामायिक महासंगणकावर काम करताना मला वारंवार विनयपिटकाची आठवण होते. विनयात सांघिक वस्तू आणि पुग्गलिक, म्हणजे व्यक्तीची, वस्तू यांत काटेकोर भेद केला आहे. आराम, विहार, मंचक, पीठ, लोखंडी भांडी या सांघिक वस्तू कोणा व्यक्तीला, गटाला, किंबहुना खुद्द संघालाही देऊन टाकता येत नाहीत, असे चुल्लवग्गात सांगितले आहे. ज्या वस्तूवर सर्वांचा अधिकार असतो तिच्याबाबत प्रत्येकाचे कर्तव्यही अधिक असते.

या वस्तूंचे वाटप करणारा भिक्षू संघाकडून नेमला जाई. राजगृहातील दब्ब मल्लपुत्त यांची कथा प्रसिद्ध आहे. आलेल्या भिक्षूंना निवासस्थाने नेमून देण्याचे आणि भोजनाची वाटणी करण्याचे कार्य त्यांनी स्वीकारले. सुत्तांचे अध्ययन करणाऱ्यांना ते एकत्र निवास देत, विनयधरांना एकत्र देत आणि ध्यान करणाऱ्यांना निराळ्या ठिकाणी देत, म्हणजे एकाचा दुसऱ्यास उपसर्ग होत नसे. महासंगणकाची रांग लावणारी आज्ञावली हेच करते. अधिक स्मृती लागणारी कामे एकीकडे, जीपीयू लागणारी दुसरीकडे, अल्पकाळाची तिसरीकडे अशी ती वाटणी करते. मात्र दब्ब मल्लपुत्तांवर पक्षपाताचा आळ आला होता, हेही विनयात नोंदलेले आहे. वाटप करणाऱ्यावर रोष येतोच. रांग लांबली म्हणून केंद्रातील कर्मचाऱ्यांना दूषण देण्यापूर्वी आपण मागितलेले तास योग्य होते का, हे तपासून पाहावे.

भिक्षूने सांघिक मंचक किंवा पीठ उघड्यावर मांडावे आणि निघून जाताना ते उचलून ठेवू नये किंवा कोणास सांगूनही जाऊ नये, तर त्याला पाचित्तिय दोष लागतो. सामायिक संगणकावर हा दोष अनेकांकडून घडतो. काम संपल्यावर तात्पुरत्या साठवणुकीतील फाइली तशाच सोडून दिल्या जातात. साडेतीन तासांच्या कामासाठी तीन दिवस मागून ठेवले जातात. प्रवेशाचा नोड हा सर्वांच्या येण्या-जाण्याचा उंबरठा असतो, तेथेच जड काम सुरू केले जाते. हा शेवटचा दोष माझ्याकडूनही घडला आहे. एका केंद्रात अज्ञानाने मी प्रवेशाच्या नोडवरच तुलना सुरू केली आणि इतर संशोधकांची कामे मंदावली. तेथील व्यवस्थापकांनी माझे काम थांबविले व सौम्य शब्दांत पत्र पाठवून नियम समजावून सांगितला. त्यानंतर नियमाप्रमाणे लावलेले काम दोन रात्री रांगेत राहिले आणि सुरू होताच चार मिनिटांत बंद पडले, कारण फाइलच्या नावात एक अक्षर चुकले होते. तेव्हापासून दहा उताऱ्यांवर चाचणी घेतल्यावाचून मी मोठे काम रांगेत लावीत नाही. तात्पुरती साठवणूक पुष्कळ केंद्रांत ठराविक दिवसांनी आपोआप पुसली जाते; म्हणून निकालाची प्रत लगेच आपल्याकडे आणून ठेवणे हेही पथ्य पाळावे.

प्रवेश कसा मिळवावा?

प्रत्येक केंद्राचे नियम निरनिराळे असतात. बाहेरच्या संस्थेतील संशोधकाला वेळ मिळतो का, त्याला शुल्क किती, मार्गदर्शकाची शिफारस लागते का, हे त्या त्या केंद्राकडून लेखी विचारून घ्यावे. सर्वसाधारणपणे अर्जात चार गोष्टी सांगाव्या लागतात : संशोधनाचा प्रश्न काय आहे, मजकूर कोणता आहे व तो वापरण्याची परवानगी आहे का, कोणती आज्ञावली वापरणार, आणि किती कोअर-तास लागतील. एक कोअर एक तास चालला म्हणजे एक कोअर-तास. वर दिलेल्या ५ कोटी जोड्यांच्या कामाला सुमारे १,३८९ कोअर-तास लागतात. आपल्या संगणकावर हजार जोड्या ताडून त्यावरून हा आकडा काढावा आणि अर्जात तो कसा काढला तेही लिहावे. मोठ्या वैज्ञानिक प्रकल्पांच्या तुलनेत ही मागणी किरकोळ असते, ही गोष्ट अर्ज करणाऱ्याला धीर देणारी आहे.

अर्ज एकट्याने करू नये. पालिचा अभ्यासक, संगणकशास्त्राचा अभ्यासक आणि दोघांचे विद्यार्थी अशी मंडळी एकत्र आली तर काम नीट होते. मात्र संगणकशास्त्रज्ञाने प्रश्न ठरवावा आणि पालिच्या अभ्यासकाने केवळ मजकूर पुरवावा, अशी विभागणी होऊ देऊ नये. प्रश्न आपला असला पाहिजे.

येथे एक कटू गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पालिच्या विद्यार्थ्याला अशा केंद्राची पायरी चढण्यापासून कोणताही लेखी नियम बहुधा रोखत नाही. त्याला रोखते ते संकोच, माहितीचा अभाव आणि ‘तुमच्या विषयाला हे कशाला हवे’ हा प्रश्न. २०१३ मध्ये संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतील वैकल्पिक विषयांतून पालि वगळली गेली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबरच पालिलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. दर्जा मिळाला, पण दर्ज्याने संशोधन आपोआप होत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये झाला होता आणि महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले होते. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तेथे जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. महाडच्या संग्रामाची आणि संगणकाच्या वापराची बरोबरी करण्याचा धीटपणा मी करणार नाही. तेथे माणुसकीचा प्रश्न होता. परंतु कागदावरचा अधिकार प्रत्यक्ष वापरल्यावाचून अधिकार होत नाही, हा महाडचा धडा ज्ञानाच्या सार्वजनिक साधनांनाही लागू पडतो.

निर्णय कोणाचा?

काही वाचकांच्या मनात शंका येईल की, यंत्राने सुत्तांची छाननी करणे म्हणजे बुद्धवचनाचा निवाडा यंत्रावर सोपविणे नव्हे काय? या शंकेचे उत्तर भगवान बुद्धांच्या उपदेशातच आहे. महापरिनिब्बानसुत्तात चार महापदेस सांगितले आहेत. एखादे वचन प्रत्यक्ष भगवंतांकडून ऐकले, संघाकडून ऐकले, अनेक बहुश्रुत स्थविरांकडून ऐकले किंवा एका स्थविराकडून ऐकले, असे कोणी म्हणाला तरी ते लगेच स्वीकारू नये आणि लगेच धिक्कारूही नये. ते सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहावे, जुळले तर घ्यावे आणि न जुळले तर सोडावे, असा त्याचा आशय आहे. सांगणारा कितीही थोर असला तरी तुलना टळत नाही. हाच नियम यंत्रालाही लागू आहे. ‘महासंगणकाने सांगितले’ हा काही पाचवा महापदेस नव्हे.

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात हाच प्रश्न निर्भयपणे मांडला. लेखनाची सोय नसताना वचने भाणकांच्या स्मृतीवर अवलंबून होती आणि त्यामुळे भगवंतांच्या नावावर विपर्यस्त मजकूर येण्याचा संभव होता, याकडे त्यांनी लक्ष वेधले. अलगद्दूपमसुत्त, जीवकसुत्त इत्यादी पाच सुत्तांचा निर्देश करून, खुद्द भगवंतांच्या हयातीतच असा विपर्यास झाल्याचे त्यांनी दाखविले. ती पाचही सुत्ते मज्झिमनिकायात आहेत. बुद्धवचन ओळखण्यासाठी त्यांनी विवेक आणि मानवाचे कल्याण यांची कसोटी पुढे ठेवली. पालिचा त्यांचा स्वतःचा व्यासंग किती खोल होता, याची साक्ष महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये प्रकाशित केलेला त्यांच्या लेखन-भाषणांचा १६ वा खंड देतो. त्यात त्यांचे पालि व्याकरण आणि शब्दकोश आहे. एवढ्या कामांच्या रगाड्यात त्यांनी शब्द एकेक करून जमविले.

कोणते वचन किती निकायांत, कोणत्या परंपरांत, कोणत्या शब्दभेदाने आले आहे, याचे समग्र कोष्टक आज आपल्यापुढे येऊ शकते. हे कोष्टक प्राचीनता सिद्ध करीत नाही. सुत्तनिपातातील अट्ठकवग्ग प्राचीन मानला जातो, तो शब्द मोजून नव्हे. निद्देस हे त्यावरील भाष्य तिपिटकातच समाविष्ट आहे आणि उदानात सोण कुटिकण्ण तो वग्ग भगवंतांसमोर म्हणून दाखवितात, अशा प्रमाणांवरून. प्रमाणे शोधणारी दृष्टी अभ्यासाने येते. यंत्र फक्त एवढेच करते की, एका मनुष्याला आयुष्यभरात समोर मांडता आला नसता तेवढा पुरावा ते काही तासांत समोर मांडते. तो तपासण्याची जबाबदारी वाढते, कमी होत नाही.

म्हणून आरंभ लहान असावा. विहाराशी संलग्न एखाद्या अभ्यासमंडळाने एकच वग्ग घ्यावा, त्याच्या दोन आवृत्ती काळजीपूर्वक टंकित कराव्यात, पेय्याल कोठे आहेत त्याची नोंद ठेवावी, पाठभेद वेगळे काढावेत आणि काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव पहिल्या पानावर लिहावे. एवढे शुद्ध काम हाती असेल तर जवळच्या विद्यापीठाच्या संगणक केंद्राला पत्र लिहिण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. भाणकांनी निकाय वाटून घेतले तेव्हा त्यांच्यापाशी स्मृती आणि परस्परांवरील विश्वास यांखेरीज दुसरे साधन नव्हते. आपल्यापाशी साधन आहे आणि ते आपल्याच पैशाने उभे राहिले आहे. त्यापुढे ठेवण्याजोगा प्रश्न आणि स्वच्छ पाठ सिद्ध करणे, एवढेच काम आता आपल्याकडे उरते.